भैयाजीच्या माळ्यावरचं जपानी

मी एक जुना माळा आहो. घरातला, सामान ठेवाचा माळा नाई. धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या शेतातला. चार खांब, वरतं बांबूची ताटी, बाजूले शिडी. शहरातले लोकं मले मचाण म्हणतात. तसल्या मचाणीवर बसून ते वाघ पाह्यतात म्हने. मायावर बसून माया मालक भैयाजी रानडुकरं हाकलते. एवढाच माया धंदा.

तरी मित्रांनो, मी विद्यापीठात जाऊन आलो. जागचा न हलता. जपानी ऐकली, दोन महिने, रोज. अन् एका पोरीचं नुकसान बी केलं. तेच सांगाचं आहे. लपवून काय फायदा.

सावली या तालुक्याच्या गावाहून जंगलाकडं निघालं का आमचं गाव लागते. बारा-तेरा वर्षं झाले असतीन, वादळात पडलेल्या ऐनाचे चार खांब भैयाजीनं टेकाडावर गाडले. बाजूच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीतला, चैतू त्याच्या जोडीले होता. चैतूनं पळसाच्या मुळ्या कुटून दोर वळले अन् माया एक-एक सांधा आवळला. खिळा एक नाई. वरतं तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं छप्पर. दर साली पावसाळ्याच्या आधी नवीन तणस पडे, अन् उन्हाळा येता येता अर्धं वारं घेऊन जाये, अर्धं माकडं. उन्हाळ्यात मी बोडकाच राहो. कोणाले काय फरक पडते, उन्हाळ्यात धानच नसते.

सत्यशीला म्हणजे भैयाजीची एकुलती एक पोरगी. बारावीचा अभ्यास तिनं मायावर बसून केला. मंग शहरात गेली, तिथी जपानी शिकली, अन् तिथल्याच विद्यापीठात जपानी शिकवाले लागली. कंत्राटी. म्हणजे दर साली जून-जुलैत नवीन ऑर्डर. ऑर्डर आली तं मास्तरीण, नाई आली तं कोणीच नाई.

सुट्टीत आली का शेजारच्या बांधीवाली शकुबाई तिले तोंडावर विचारे, "काऊन वो सत्यशीला, जपानी शिकून का भेटलं? भाषाच शिकाची होती तं तेलुगू शिकाची. तेलंगणात मिरची तोडाले गेली असती तं कामी आली असती."

"मावशी, जपानात बी मिरची होते."

"मंग तोडाले कईं जातं?"

दोघी बी हासत. भैयाजी नाई हासे. त्याले पोरीचं लय कौतुक होतं. सावलीच्या बाजारात कोणी बी भेटो, दोन मिनटात बोलणं जपानवर आणून सोडे.

मंग कोरोना आला.

सत्यशीला एक बॅग घेऊन आली. पंधरा दिवसाइची सुट्टी म्हने. गावानं रस्त्यावर बांबू आडवे बांधले होते. बाहेरून आला तो चौदा दिवस शेतात, मंग गावात. सरपंचाचा पोरगा असो का भैयाजीची पोरगी. तं चौदा दिवस ती मायापाशी राह्यली. रुखमाबाई, तिची माय, बांधावर डबा ठेवून दुरूनच ओरडे, "खाऊन घे वो!" अन् डोळे पुसत जाये. रात्री भैयाजी खाली जाळ करून बसे. त्या साली मोहफुलं वेचताना जंगलात वाघानं दोन माणसं नेले होते.

सातव्या दिवशी विद्यापीठाचा मेसेज आला. तो मायावरच आला, कारण गावात रेंजच नाई. टावर वैनगंगेच्या पल्याड, उगवतीकडं. मंधात सागाचं बन. टेकाडावर मी, म्हणून मायावर दोन कांड्या येत. कधी तीन. मेसेज असा होता का सोमवारपासून वर्ग ऑनलाइन, सकाळी आठ ते अकरा.

झालं. मायं कॉलेज झालं.

आता खरं सांगतो, ते शिकवणं पाहून मले तिची कीव ये. बावीस पोट्टे. बावीस काळे चौकोन अन् त्याच्यावर नाव. कॅमेरे बंद, कारण कोणाजवळ दिवसाले दीडच जीबी, कोणाच्या घरी मागं भांडे घासून राह्यले. ती एक वाक्य म्हणे अन् थांबे. वर्गात असते तं बावीसही जण सोबत म्हणले असते. इथी एकाचा आवाज आता, दुसऱ्याचा तीन सेकंदानं, तिसऱ्याचा तुटून. मंग ती म्हणे, "मोऊ इचिदो." म्हणजे अजून एकदा. दोन महिन्यात मी सगळ्यात जास्त हेच ऐकलं. मोऊ इचिदो. मोऊ इचिदो.

जपानीत स्वर लांब का आखूड, याच्यावर माणूस बदलते. आखूड म्हणलं तं मावशी, लांब म्हणलं तं आजी. अन् नेट तं आवाज मंधातूनच कापते. तं पोट्ट्याचं चुकलं का टावरचं चुकलं, हे तिले कसं कळावं? आदेश नावाचा एक पोट्टा होता. त्याचा आवाज नेहमी तुटे. त्याले ती वर्ग झाल्यावर वेगळा फोन लावे, अर्धा-अर्धा तास.

जपानी अक्षरं म्हणजे चित्रं. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, याचा नियम हाये. वर्गात ती पोट्ट्याइच्या मागं उभी राहून हात पाहे. आता हात दिसतच नाई. वहीचा फोटो येते, त्याच्यात अक्षर दिसते, पण ते कसं काढलं हे कसं दिसन? तिनं शाळेतून जुनी पाटी आणली अन् फोनपुढं धरून रेघा काढून दाखवे. एक झाड काढलं तं झाड, दोन काढले तं बन, तीन काढले तं जंगल. ते मले आवडलं. बाकीचं डोक्यावरून गेलं.

खाली भैयाजी काठी घेऊन बसून राहे. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "सत्यशीला, ह्या पोट्ट्याइचं काय दुखून राह्यलं? हाय हाय करून राह्यले मघापासून."

"बाबा, हाय म्हणजे हो."

"हो म्हणाले एवढं कण्हाव लागते काय त्याइले?"

पोरगी पोट धरून हासली. माइक चालू होता. त्या दिवशी पाच-सहा चौकोन उजळले, पोट्टे बी हासून राह्यले होते. तो एकच दिवस, जेव्हा मले ते सगळं खरं कॉलेज वाटलं.

गावभर बोभाटा झाला. भैयाजीच्या माळ्यावर जपानी कॉलेज. तेंदूपत्ता तोडून येणाऱ्या बाया बांधावर थांबून पाहत. चैतूची नात तं खालूनच "मोऊ इचिदो" ओरडून पळून जाये. मायी कॉलर टाइट.

मे महिन्यात मोठ्या मॅडमचा फोन आला. मोठ्या मॅडम म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख. आवाज एकदम साफ, रेडिओसारखा.

"सत्यशीला, पुढच्या वर्षी प्रवेश कमी होणार आहेत. तुम्ही तिघी आहात. आम्हाला दोघींनाच ठेवता येईल."

"हो मॅडम."

"सत्तावीस तारखेची तोंडी परीक्षा तुम्ही घ्याल. मी बसणार आहे. पूर्ण वेळ कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग होणार. दहा मिनिटांपेक्षा जास्त खंड पडला तर परीक्षा मी ताब्यात घेईन. आणि मागे जरा नीट भिंत वगैरे असू द्या."

"मॅडम, इथे..."

"इथे काय?"

"काही नाही मॅडम. होईल."

मले तिचा तिथी राग आला. सांगाचं न, का मी शेतात बसतो, भिंत कुठून आणू. पण कंत्राटी माणूस अडचण सांगत नाई. अडचण सांगतली का ऑर्डर दुसऱ्याले. त्या रात्री तिनं भैयाजीले सगळं सांगतलं. "बाबा, ही परीक्षा चांगली झाली तं ऑर्डर पक्की."

भैयाजीनं ते वाक्य डोक्शात धरलं. लय जोरात धरलं.

नवतपा लागला. तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचे असान तं नवतपा काय हे सांगाव लागत नाई. सकाळी नऊलाच ऊन डोक्शात घुसते. सव्वीस तारखेले वर्ग चालू असताना सत्यशीलाचा घोळणा फुटला. नाकातून रक्त टपकन पाटीवर पडलं. तिनं ओढणीनं पुसलं अन् शिकवत राह्यली. भैयाजीनं खालून पाह्यलं.

संध्याकाळी ती घरी प्रश्न काढत बसली होती, तेव्हा तो चैतूले घेऊन आला. दोघाइच्या डोक्यावर टीनाचे पत्रे. गोठ्यावरचे काढून आणले होते. गाई उघड्यावर बांधून.

वरतं चार पत्रे ठोकून झाले तं चैतू म्हने, "झालं न भैयाजी. चाल."

"कुठी झालं गा? परीक्षा सकाळची हाये. ऊन उगवतीकडून येईन, सिद्दं पोरीच्या डोळ्यात. उगवतीकडून बी लाव."

"मंग हवा?"

"हवेले मावळती मोकळी हाये न. अन् त्या मॅडमले मागं भिंत पाह्यजे म्हने. पोरगी टीनाले पाठ करून बसन, टीन म्हणजे भिंतच झाली."

उगवतीकडून दोन पत्रे उभे लावले, तारेनं आवळून, वरतून खिळे. त्या संध्याकाळी मायात पहिल्यांदा खिळे गेले. शेवटचा पत्रा लावताना भैयाजीचा तळवा फाटला, चांगला दोन बोटं लांब. त्यानं धोतराची चिंधी गुंडाळली अन् काम पुरं केलं. खाली उतरून दुरून पाह्यलं. "मस्त दिसून राह्यला न गा?"

अन् मी काय केलं? मी खूश झालो मित्रांनो. बारा वर्षं तणसावर काढले, अन् आता टीन! बंगला झालो असं वाटलं. रात्रभर चांदणं टीनावर चमकून राह्यलं अन् मी फुगून राह्यलो. टावर कोणत्या दिशेले हाये, हे मले ठाऊक होतं. तरी डोक्यात आलं नाई. आलं असतं तरी मी काय बोललो असतो? मले तोंड कुठी हाये.

सकाळी आठला सत्यशीला आली. चांगला कुर्ता, केस बांधलेले. टीन पाहून ती थबकली.

"बाबा! हे कईं केलं?"

"काल. तू बस आता गारीगार."

तिनं त्याच्या हाताची चिंधी पाह्यली. "हे काय झालं?"

"काही नाई. खरचटलं. चढ वर, टाइम होऊन राह्यला."

ती वर आली. पाटी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, फोन उभा केला. पाह्यलं. एक बी कांडी नाई. बंद करून चालू केला. नाई. फोन डोक्यावर धरला, इकडं धरला, तिकडं धरला. साडेआठ झाले. मंग ती मले टेकून बाहेर वाकली, शिडीकडं, अन् हात टीनाच्या बाहेर काढला. तीन कांड्या. हात आत घेतला. कांड्या गेल्या.

तिनं त्या उगवतीच्या पत्र्याले बोटं लावले. ते बोटं मले अजून आठवतात.

खालून भैयाजी म्हने, "काय झालं बाई? लागून राह्यलं काय?"

पत्रे काढाचे म्हणजे अर्धा घंटा. तारा, खिळे. नऊले परीक्षा. पण मले वाटते, दोन घंटे असते तरी ती काढा म्हणली नसती. तो खाली उभा होता, वर मान करून, हाताले चिंधी बांधून.

"लागलं बाबा," ती म्हने. "पण मले शिडीवर उभं राहाव लागन."

"काऊन?"

"नियम हाये. चेहऱ्यावर उजेड पाह्यजे त्याइले."

"हा कोणता नियम? एवढं सावली करून देल्ली..."

"जपानी लोकाइचं लय कडक राहते बाबा."

शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर पाय, एक हात माया खांबाले, एक हातात फोन. अशी ती नऊले चालू झाली. बावीसही पोट्टे जोडलेले, अन् एक-एक करून पुढं येत. ती विचारे, तो सांगे, ती मान हलवून पुढचं विचारे. मार्क लिहाले तिसरा हात नाई, म्हणून ती मार्क बोलून दाखवे अन् खाली भैयाजी ते शाळेच्या वहीत लिहे. नाव मराठीत, मार्क मराठीत. त्याले वाटलं आपण परीक्षा घेऊन राह्यलो. चेहरा फुललेला.

अकरा पोट्टे झाले. ऊन टीनावर पडून तिच्या अंगावर फेकल्या जाये. बारावा आदेश. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज साफ येऊन राह्यला होता. तो सरळ, न अडखळता बोलून राह्यला होता. तिचा चेहरा एकदम खुलला. अन् फोन बंद पडला.

उन्हानं तापून बंद. हातात धरवत नव्हता.

"बाबा, पाणी! पंचा ओला करा, पंचा!"

भैयाजी धावला. ओल्या पंचात फोन गुंडाळला, फुंकर मारली, लेकराले मारतात तशी. फोन चालू झाला तेव्हा चौदा मिनटं झाले होते. ती शिडीवर चढली, जोडली. वर्गात मोठ्या मॅडम बोलून राह्यल्या होत्या. तेरावा पोट्टा चालू होता.

"मॅडम, सॉरी, फोन..."

"सत्यशीला, आम्ही पुढे गेलो आहोत." मंग त्याइले शिडी दिसली. "तुम्ही शिडीवर उभ्या आहात का? हा काय प्रकार आहे? हे विद्यापीठ आहे."

"मॅडम, आदेशची परीक्षा अर्धी..."

"त्याला अनुपस्थित धरलंय. तुम्ही माइक बंद करा."

तिनं माइक बंद केला. खाली भैयाजीले म्हने, "बाकीच्याइची मॅडम घेऊन राह्यल्या बाबा." पण कॅमेरा चालू ठेवाचा नियम होता. म्हणून उरलेला घंटाभर ती तशीच शिडीवर उभी राह्यली. उन्हात. बावीस जण तिले पाहून राह्यले होते.

"झाली?" भैयाजीनं विचारलं.

"झाली बाबा."

"चांगली?"

"लय चांगली."

जूनमंधी चार ओळीचा मेल आला. योग्य वातावरणाचा अभाव, तांत्रिक नियोजनात त्रुटी, सेवेबद्दल आभार. तो बी तिनं शिडीवर उभं राहूनच वाचला. भैयाजीले सांगतलं का कोरोनामुळं तिघीइची बी गेली. भैयाजी म्हने, "जाऊ दे बाई. आपून तं कसर नाई ठेवली न." अन् चार दिवसानं सावलीच्या बाजारात, "कोरोना नसता आला तं पोरगी परमनंट होती. मी टीन टाकून देल्लं म्हणून परीक्षा तरी झाली."

पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं टाकून झाल्यावर एक दिवस लोकेश आला. सत्यशीलाचा आतेभाऊ, सावलीले मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वर येऊन बसला, खिशातून फोन काढला अन् टीनाकडं पाहून हासाले लागला.

"मामा, हे काय करून ठेवलं गा? टावरच्याच बाजूनं टीन! इथी तं रेंज—"

"लोकेशभाऊ!" सत्यशीला खालून एवढ्या जोरात ओरडली का बगळे उडाले. "खाली ये. चहा निवून राह्यला."

"येतो न, मी मामाले सांगून राह्यलो—"

"आधी खाली ये म्हणलं न."

लोकेश उतरला. ती त्याले बांधाच्या पल्याड घेऊन गेली. काय बोलली ऐकू आलं नाई. लोकेश परत आला तो चहा न पिता गेला, मामाच्या डोळ्याले डोळा न देता. भैयाजी मायावर बसून होता. हातात कप.

पोळ्याच्या आधी सत्यशीला मूल या गावाले गेली. राइस मिलच्या ऑफिसात. ट्रक आला का गेटपास लिहाचा, ट्रक गेला का रजिस्टरात सही घ्याची. जपानी तिथी कोणाले पाह्यजे? जाताना भैयाजीले एक साधा फोन घेऊन देऊन गेली. त्याचा आयुष्यातला पहिला फोन. "बाबा, टेकाडावरून लावत जा. तिथी रेंज राहते."

धान पोटरीत आलं, डुकरं फिराले लागले, तसा भैयाजी रोज मायावर येऊन बसे. अन् दिवस मावळाच्या आधी फोन लावे. नाई लागे. परत लावे. नाई. "कामात असन," मलेच सांगे. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस उतरता उतरता त्यानं शिडीवरूनच बटण दाबलं.

लागला.

"हॅलो? बाबा? अवो बाबा, किती दिवसानं! फोन काऊन नाई लावला?"

भैयाजी एक पायरी वर चढला, डोकं टीनाच्या आत केलं. तिचा आवाज तुटला, गेला. एक पायरी उतरला. आला. "बाबा? ऐकू येऊन राह्यलं काय? हॅलो?"

तो शिडीवर उभा होता. तिथीच, जिथी ती उभी होती.

"येऊन राह्यलं बाई," तो म्हने. "जेवली काय?"

"जेवली. तुमी?"

"जेवलो."

"आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"वारं हाये."

वारं नव्हतं. पान हालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. चैतूले बोलावलं नाई. सगळे पत्रे काढले, खिळे वाकडे झाले ते दगडानं सरळ करून खिशात टाकले. पत्रे गोठ्यावर परत नेऊन ठोकले. तिले त्यानं सांगतलं नाई, तिनं त्याले सांगतलं नाई. आता रविवारी ती येते, दोघं मायाखाली बसून भाकर खातात, हासतात बी. पण माळ्यावर आता कोणी चढत नाई. डुकरं हाकलाले भैयाजी बांधावरूनच डबा वाजवते. माये खिळ्याइचे भोकं पाणी पिऊन सडून राह्यले.

मित्रांनो, मायावर तणस टाका असं म्हणाले मी हे सांगतलं नाई. मी तं लाकूड, पडन एक दिवस. पण तुम्ही शिकून राह्यले, तुमच्यासमोर कोणी ना कोणी उभं राहून शिकवून राह्यलं असन. तुमाले तोंड हाये. ते वापरा. त्या दिवशी एक बाई घंटाभर उन्हात शिडीवर उभी होती, अन् बावीस जण अन् एक मोठ्या मॅडम तिले पाहून राह्यले होते. "मॅडम, तुमी तिथी काऊन उभ्या आहा?" एवढं तिले एकानं तरी विचारलं असतं.

कोणीच नाई विचारलं.